राहिलेलं क्रियापद

“पण माझं चुकतंय कुठं, ते तरी सांगा ना, फादर?”

हेमांगीचा आवाज चढला होता. समोर वेताच्या खुर्चीत फादर इनास तुस्कानो वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“चुकत नाही,” ते म्हणाले. “येतच नाही तुला.”

वसईच्या चर्चमागची ती ओसरी आता पाडली. तेव्हा संध्याकाळचं ऊन तिरकं आत यायचं, बाजूच्या केळी सळसळायच्या, आणि मधोमध फादरांची शिकवणी चालायची. फादर चौतीस वर्षं बोलिव्हियातल्या एका डोंगरगावात होते. सत्तरी उलटली तेव्हा वरिष्ठांनी त्यांना परत बोलावलं. इथं आल्यावर जो येईल त्याला ते स्पॅनिश शिकवू लागले.

शिकवायची तऱ्हा मात्र जगावेगळी. क्रियापद नुसतं पाठ करून भागायचं नाही, ते करून दाखवावं लागायचं. आधी फादर करणार, मग शिष्य. ‘झाडणे’ शिकायचं तर हातात खराटा. ‘मळणे’ शिकायचं तर कोपरापर्यंत पीठ. मग कुठं फादर यादीत त्या शब्दापुढे खूण करायचे.

हेमांगी हुशार होती, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं. शंभरातल्या नव्व्याण्णव क्रियापदांपुढे तिने दोन वर्षांत खूण करून घेतली होती. उरलं होतं एक, ‘एक्स्त्रान्यार’. कुणावाचून चुकल्याचुकल्यासारखं होणं. रोजच्या बोलण्यातला शब्द, रूपं सरळ, पहिल्या महिन्यातली मुलंही ती घडाघडा म्हणतात.

पुढच्या महिन्यात तिला कोलंबियातल्या एका शाळेत शिकवायला जायचं होतं. भाषा येते असं फादरांच्या सहीचं पत्र उद्यापर्यंत गेलं नाही, तर ती जागा दुसऱ्याला मिळणार होती. पत्र तिने टाइप करून टेबलावर ठेवलं होतं. फादर त्याकडे बघतही नव्हते.

“एक्स्त्रान्यो आ मी पाद्रे,” ती पुन्हा म्हणाली. मला बाबांवाचून चुकल्याचुकल्यासारखं होतं. उच्चार असा स्वच्छ, की माद्रिदच्या माणसानेही मान डोलवावी.

“कुठं असतात तुझे बाबा?”

“घरी. नालासोपाऱ्याला.”

“आणि तू?”

“...घरीच.”

फादरांनी पुढची शेंग उचलली.

हेमांगीला राग आला. आई गेल्यापासून घरात माणसं दोनच. उदाहरणाला तिसरं आणायचं तरी कुठून?

“बाकीची सगळी तुम्ही आधी करून दाखवलीत. हेच का नाही? दाखवा ना करून!”

फादरांचे हात थांबले...

त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

हेमांगीची कळी थोडी खुलली. हे घड्याळ तिनेच वळणावर आणलं होतं. दोन वर्षं ते भलतीच वेळ दाखवायचं आणि फादर खुशाल ते बांधून फिरायचे. गेल्या रविवारी केळींना पाणी सोडताना त्यांनी ते कठड्यावर काढून ठेवलं, तेव्हा तिने गुपचूप काटे फिरवून वेळ लावली. गुरूची तेवढीच सेवा! फादर त्या दिवशी घड्याळाकडे बराच वेळ बघत राहिले होते. मग “थँक्यू, पोरी,” म्हणाले होते.

“किती वाजले?” फादरांनी विचारलं.

“पाच. आता अगदी बरोबर चालतंय.”

“गावात साडेसात झाले. सकाळचे.”

“कुठल्या गावात?”

“...माझ्या.”

तिला कळायला एक क्षण लागला. दोन वर्षं ते घड्याळ भलती नाही, बोलिव्हियातली वेळ दाखवत होतं.

“ओतिलिया म्हातारी पावांची टोपली घेऊन चर्चच्या पायरीवर बसली असेल,” फादर म्हणाले. “रुफिनो गाढवावर बटाट्याची पोती चढवतोय. गाढव खाली बसतंय, आणि तो गाढवाच्या आईचा उद्धार करतोय. मी दिसलो की टोपी काढून माफी मागतो... मागायचा.”

ते हसले, आणि हसताहसता त्यांना डोळे पुसावे लागले.

“आठ दिवस बोटांवर तास मोजतोय. साडेनऊ मागं जायचं. मध्येच कुठंतरी गाडी अडते. मी पोचेपर्यंत ओतिलिया टोपली आवरून घरी गेलेली असते.”

हेमांगीने मान खाली घातली. आपल्या हुशारीची तिला जन्मात पहिल्यांदा लाज वाटली.

“बाबा काय करत असतील आत्ता?” फादरांनी हळूच विचारलं.

तिने तोंड उघडलं.

पाच वाजता ती कधी घरी नसायचीच. ऑफिस, क्लास, नाहीतर ही ओसरी. बाबा चहा घेतात का? एकटेच घेतात? खाली जाऊन कुणाशी बोलतात, की खिडकीत बसून राहतात?

“मला माहीत नाही, फादर.”

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. फादरांनी तिला रडू दिलं.

मग तिने घड्याळ उचललं. काटे फिरवले.

“साडेसात?”

“सात चाळीस झाले आता.”

तिने सात चाळीस लावले आणि घड्याळ स्वतः त्यांच्या मनगटावर बांधलं. मग टेबलावरचं पत्र घेऊन त्याची घडी घातली.

“हे राहू दे. यात खोटं लिहिलंय.”

फादरांनी तिच्या हातातून पत्र काढून घेतलं, मांडीवर ठेवून सपाट केलं आणि खाली सही केली.

“आणि यादीतली खूण?” तिने विचारलं.

“ती नाही करणार.”

“मग सही कशी केलीत? मला येत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?”

फादर वालाची टरफलं सुपात गोळा करून उठले.

“तिथं होतो तोवर मला तरी कुठं येत होतं?”