येसाक्काची नळी

फार मागची गोष्ट. तेव्हा मिठोळी गावात पाऊस नावालाच पडायचा, पण जमिनीच्या पोटातलं खारं पाणी मात्र वर वर यायचं. ऊन लागलं की ते आटायचं आणि रानावर पांढरं मीठ फुटायचं. ज्वारी वीतभर वाढून करपायची.

गावात येसाक्का नावाची विधवा कुंभारीण होती. तिनं खापराच्या भोकाभोकाच्या नळ्या भाजल्या. गावानं चर खणले, तिनं नळ्या पुरल्या आणि भोवती वाळूचं गाळण घातलं. खारं पाणी नळीत झिरपून ओढ्याला जाऊ लागलं. रान सुधारलं. कणसांचा दाणा चिमणीच्या चोचीत मावेना, असं म्हणतात.

काही वर्षांनी ओढ्याकाठचं नळीचं तोंड कोरडं पडलं आणि रान पुन्हा पांढरं झालं. येसाक्कानं उकरून पाहिलं. नळी धड होती. पण बारीक गाळ वाळूत शिरला होता, त्यावर मीठ धरलं होतं, आणि गाळणाचा दगड झाला होता.

"समदं गाळण काढून भरड वाळू घालाय पायजे," ती चावडीपुढं म्हणाली.

"पुन्हा एवढं रान उकरायचं? कुणाच्या अंगात बळ ऱ्हायलंय आता?" पाटील म्हणाले.

माणसं खाली मान घालून उठली. मग एकेक घर गाव सोडू लागलं. येसाक्काचा लेक मलाप्पाही निघाला.

"आये, गाडी जुंपलीया. चल."

"तू जा बाबा. नळ्या माझ्या हातच्या हायत, गुदमरल्यात. अशा टाकून येऊ व्हय?"

मलाप्पा रागानं गेला. ती चराकडं चालू लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तीही गेली असती.

ती एकटीच चर उकरायची, गाळण फोडायची, ओढ्यातली भरड वाळू पाटीनं वाहायची. मिठानं तिची बोटं उलली. घाम वाळून पाठीवर इतकं मीठ धरायचं, की लांबून ती पांढरी घोंगडी पांघरल्यासारखी दिसायची, असं म्हणतात.

एका दुपारी ती आत असतानाच शेवटच्या चराची दरड कोसळली. गावात उरलेले म्हातारे धावले. तेवढ्यात ओढ्याकडं नळीचं तोंड फुटलं आणि पाणी धो धो वाहू लागलं. म्हाताऱ्यांनी माती उपसली. खोरं सापडलं, पाटी सापडली. येसाक्का सापडली नाही. पाण्याबरोबर तीही नळीत शिरली, असं म्हणतात.

रान पिकलं तशी माणसं परतली. मलाप्पा आला, तो नळीच्या तोंडाला कान लावून बसला. मरेपर्यंत त्यानं जेवणात मीठ घेतलं नाही.

आजही सुगीनंतर मिठोळीत घरटी एक पाटी भरड वाळू निघते. चर उकरून गाळण बदलतात. माती लोटण्याआधी गावातली थोरली बाई चरात वाकून हाक मारते, "आक्का, वर या. आता आमी करतो." मग सगळे गप्प उभे राहतात. ओ यायला लागेल तेवढा वेळ थांबतात, आणि मगच माती लोटतात.