दोन गुणांचं गाव

"…पण दोन गुणांत अख्खं गाव बसवायचं कसं, बाबा?"

अंकुशनं हे विचारलं तेव्हा अमृतगिरी बाबा मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"प्रश्न काय होता?"

"मोठ्या धरणांचे दोन सामाजिक परिणाम लिहा."

"गुण?"

"दोन."

"तू किती लिहिलंस?"



"चार पानं. मधे पुरवणी घेतली."

बाबांनी शेंगदाणे ताटलीत टाकले, टरफलं सुपात. पुढची शेंग उचलली.

"मग?"

"मग बाकीचे प्रश्न राहिले. त्यातला एक पंधरा गुणांचा होता."

"येत होता?"

"तोंडपाठ होता."

अंकुश ढेबे देवमुऱ्याचा. मठाच्या टेकडीखाली जो तलाव पसरला आहे, त्याच्या तळाशी देवमुरे. धरण झालं तेव्हा माणसं ट्रकात घालून लांबच्या माळावर नेली आणि तिथं वसवली. देव कुणाच्या वाड्यात ठेवायचा यावर मात्र गावाचं एकमत होईना. शेवटी तो वर मठात आणून ठेवला, तो तिथंच राहिला.

अंकुश माळावर वाढला. शिकला. सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसला आणि लेखीला दोनदा राहिला. क्लासमधल्या ज्या पोरांना तो इतिहास समजावून सांगायचा, ती पास होऊन नोकरीला लागली. ते त्याला फार लागलं होतं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, गिरी बाबांकडे जा. मराठीचे शिक्षक होते, सगळी नोकरी उत्तरपत्रिका तपासण्यात गेली त्यांची. निवृत्त झाले आणि वाडवडिलांच्या मठात येऊन बसले.

"तपासणाऱ्यानं दोनात दोन दिले असतील तुला," बाबा म्हणाले.

"कशावरून?"

"चार पानांत कुठंतरी दोन परिणाम सापडले असतील त्याला."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं विचारलं नव्हतं."

अंकुश उभाच राहिला.

"बाबा, माझं गाव बुडालंय. आणि तुम्ही म्हणता त्याला दोन ओळी बास?"

"मी कुठं म्हणतोय? प्रश्नपत्रिका म्हणते."

अंकुश पायऱ्या उतरून अंगणापर्यंत गेला. चपला घातल्या. थोडा वेळ तसाच उभा राहिला.

मग चपला काढल्या आणि परत येऊन बसला.

बाबांनी अर्ध्या शेंगा त्याच्यापुढं सरकवल्या.

…

तो मठातच राहिला. सकाळी झाडलोट करायची, पाणी भरायचं, मग ओसरीवर बसून उत्तरं लिहायची.

"एक गुण," बाबा म्हणायचे. "गावाचं नाव?"

"देवमुरे. नदीच्या डाव्या अंगाला—"

"नाव विचारलंय."

"…देवमुरे."

"दोन गुण. प्रस्तावना लिहू नकोस. दोन मुद्दे, एकेका वाक्यात. पेन उचल आणि पुढच्या प्रश्नाकडे जा."

"आणि पाचाला?"

"सुरुवातीला एक वाक्य, मग मुद्दे. प्रत्येक मुद्द्याला एखादं उदाहरण, तेही ज्यानं विचारलंय त्याला कळेल असं."

"पंधराला?"

"तिथं जागा आहे. आधी विषय उभा कर. मग बाजू मांड. मग दुसरीही बाजू मांड, तुला पटत नसली तरी. शेवटी तुला काय वाटतं ते सांग. सुरुवातीचंच परत सांगू नकोस."

अंकुश लिहायचा. बाबा पेन्सिल घेऊन वाचायचे आणि मधेच कुठंतरी एक आडवी रेघ मारायचे.

"इथं उत्तर संपलं."

"आणि ह्याच्या खाली जे आहे ते?"

"ते तुझं मन आहे."

"मग खोडू?"

"खोडायचं कशाला? तिथं लिहायचं नाही, एवढंच."

रेघ रोज थोडी थोडी खाली सरकत गेली. एक दिवस ती कागदाच्या शेवटाला आली. पाच गुणांचं उत्तर होतं ते. एक शब्द जास्त नव्हता, एक कमी नव्हता.

बाबा म्हणाले, "झालं."

अंकुशला आनंद व्हायला हवा होता. तो त्या कागदाकडे बघत राहिला.

"बाबा… पेपर तपासताना तुम्ही वाचायचात का?"

"काय?"

"रेघेच्या खालचं."

बाबांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. पुन्हा घातला नाही.

"एकदा व्याकरणाचा प्रश्न होता. 'आई' या शब्दाचं अनेकवचन लिहा. एका मुलीनं लिहिलं, आया. बरोबर होतं. आणि खाली लिहिलं… पण मला एकच होती."

अंकुशनं हातातला कागद खाली ठेवला.

"किती गुण दिलेत?"

"एक. एकाचाच प्रश्न होता."

"आणि खालच्या वाक्याला?"

"त्याला गुण नव्हते."

"कधीची गोष्ट ही?"

बाबांनी मान वळवली. खाली तलावावर वारा सुटला होता. पाणी नुसतंच चमकत होतं. तिथं गाव होतं असं सांगितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

मग त्यांनीच विचारलं, "धरण भरलं तेव्हा तू केवढा होतास?"

"आईच्या कडेवर होतो."

"मग चार पानं कुणाची?"

अंकुशनं मान खाली घातली.

"आजोबांची. माळावर गेल्यापासून त्यांना दुसरं बोलणंच नव्हतं. संध्याकाळ झाली की मला मांडीवर घ्यायचे आणि सुरू. नदीचं वळण. वरच्या आळीतली फणसाची रांग. पावसाळ्यात गुरं पोहून पलीकडे जायची, शेपटीला धरून पोरं जायची. मी कधी नदीत उतरलो नाही, बाबा. आमच्या माळावर ओढासुद्धा नाही. पण मला त्या पाण्याचा गारवा माहीत आहे… पायाला."

"आजोबा?"

"गेले. मी बारावीला होतो."

"आणि आई काय सांगते?"

"आई यातलं काही बोलत नाही. विषय निघाला की उठून आत जाते."

"तू विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? मला सगळं माहीत आहे."

बाबांनी चष्मा घातला आणि पुढचा कागद मागितला.

…

परीक्षा झाली. निकाल लागला.

अंकुश पास झाला. नेमणुकीचा हुकूम आला, तेव्हा माळावरच्या देवमुऱ्यानं हलगी लावून त्याची मिरवणूक काढली. दुसऱ्या दिवशी तो आईला म्हणाला, "मठात जाऊन येतो. पेढे द्यायचेत बाबांना."

आई भांडी घासत होती. ती म्हणाली, "म्याबी येते."

अंकुश बघतच राहिला. धरण भरल्यापासून आईनं, चांगुणाबाईंनी, त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. गावची माणसं वर्षाकाठी देवाला जायची. त्या एकट्या मागं राहायच्या. कधी गुरांचं निमित्त, कधी गुडघ्याचं.

"देवाला नारळ बोलले व्हते," त्या म्हणाल्या. "तुज्या नोकरीचा."

एसटी घाटाला लागली तसं खिडकीतून पाणी दिसायला लागलं. चांगुणाबाईंनी पदर पुढं ओढून घेतला आणि उतरेपर्यंत मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिल्या.

मठात त्यांनी नारळ फोडला. देवाच्या पायांवर डोकं ठेवलं ते किती तरी वेळ उचललंच नाही. बाहेर आल्या आणि ओसरीवर बसल्या, त्या पाण्याकडे पाठ करून. समोर मठाची भिंत होती.

बाबांनी पेढा घेतला. अर्धा मोडून चांगुणाबाईंना दिला.

"पेपर कसा गेला होता?"

"प्रश्न आला होता, बाबा," अंकुश म्हणाला. "विस्थापनावरच. पंधरा गुणांना."

"मग?"

"विषय उभा केला. मुद्दे मांडले. धरणाचे फायदेही लिहिले, शेतीला पाणी, वीज, सगळं. उपाय सांगितले. शेवट केला. एक ओळ जास्त नाही. सगळ्या पेपरांत त्याच पेपराला जास्त गुण पडले मला."

"चांगलं झालं."

"चांगलं झालं…"

त्यानं पेढ्यांचा पुडा बंद केला. मग आवाज खाली घेऊन म्हणाला,

"परीक्षेच्या हॉलमधून बाहेर आलो आणि जिन्यातच बसलो. पोरं विचारत होती, काय झालं, राहिला का पेपर? काय सांगणार त्यांना? त्या उत्तरात सगळं होतं, बाबा. देवमुरे नव्हतं."

बाबा ऐकत होते.

"आणि आता मला ते नीट दिसतही नाही. आधी डोळे मिटले की आळी दिसायची, फणस दिसायचे. आता मुद्दे दिसतात. पहिला, दुसरा, तिसरा. आजोबांचा आवाज आठवतो, पण ते काय म्हणायचे ते… अधलंमधलं गळून जातंय. ती चार पानं तेवढी होती. तीही आता रद्दीत गेली असतील."

 आई शेजारी बसली होती. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. पेढ्याचा तुकडा तिच्या हातात तसाच होता.

"मी नापास होतो तेव्हा माझ्याकडे गाव होतं, बाबा."

 देवापुढं ठेवलेल्या नारळाच्या भकलांवर मुंग्या आल्या होत्या.

मग बाबा वळले. अंकुशकडे नाही.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं घर कुठं होतं?"

"वरच्या आळीला," अंकुश म्हणाला. "मारुतीच्या देवळामागं, डाव्या हाताचं तिसरं—"

बाबांनी तळहात वर केला. 

चांगुणाबाई भिंतीकडे बघत होत्या. त्यांनी पेढ्याचा तुकडा पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारली. गाठ घट्ट केली. पुन्हा सोडून पुन्हा मारली.

आणि मग, बसल्या जागी, हळूहळू त्या पाण्याकडे वळल्या.

तलाव भरलेला होता. या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखं पाणी, वर आभाळ.

त्यांनी हात उचलला. बांगड्या कोपराकडे घसरल्या.

"तितं," त्या म्हणाल्या. "घर तितं."

बोट थेट गेलं होतं. शोधावं लागलं नव्हतं.

अंकुशनं त्या बोटाच्या रोखानं बघितलं. पाणी. त्यानं मान हलवली. बरोबर होतं, आजोबा सांगायचे तिथंच.

पण हात खाली आला नाही.

हात थोडा डावीकडे सरकला. आळी ओलांडून गेला, देऊळ ओलांडून गेला, नदीचं वळण असेल त्याच्याही पलीकडे. तिथं थांबला. 

"आन् तितं…"

अंकुश पुढं झुकला. तिथं काही नव्हतं. आजोबांच्या सांगण्यात तिथं नुसतं रान होतं. त्याच्या चार पानांत ती जागाच नव्हती.

"तिथं काय, आई?"

चांगुणाबाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले.

"तितं करवंदीच्या जाळीपाशी… तुजी थोरली भन…"

त्या थांबल्या.

अंकुशला थोरली बहीण नव्हती. घरात कुणी कधी तसं नाव काढलं नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता. जन्मल्यापासून तो एकुलता एकच होता.

"चार म्हैन्याची व्हती, गेली तवा," आई म्हणाली. "समदी ट्रकात बसली. तुजं आजोबा म्हनलं, चल. म्या म्हनलं, तिला… तिला कसं…"

शब्द संपले. हात तसाच पाण्यावर धरलेला होता, आणि डोळे त्या बोटाच्या पुढं कुठंतरी गेले होते. वारा पडला. खाली एक पाणकावळा बुडी मारून गेला आणि लांबवर वर आला. चांगुणाबाई हलल्या नाहीत.

अंकुशला ते बघवेना. त्यानं आईचा हात धरून खाली घेण्यासाठी आपला हात पुढं केला.

"राहू दे, आई. कळलं मला. राहू दे आता—"

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "त्यांचं उत्तर अजून संपलेलं नाही."