काळडोहाकाठची हाक

"सोमवारचं मौन पुरं पडत नाही, माई. आता चातुर्मासभर धरू का?"

यजमानांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तेव्हा मी नवस बोलले होते : ती परत येईपर्यंत दर सोमवारी मौन धरून काळडोहाला प्रदक्षिणा घालीन. त्याला दोन वर्षं झाली. पाय थकले, मीही थकले. ते आपले खिडकीशी बसून असायचे.

काळडोह म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड. भोवती काळ्या कातळाची भिंत, उतारावर सागाचं राखीव रान, तळाशी पाणी. मधोमध दोर पुरत नाही म्हणतात. एकही ओढा आत येत नाही, बाहेरही जात नाही. काठावरच्या मठीत रेवामाई राहायच्या.

त्या मेथी निवडत होत्या. "इतर दिवशी बोलतेस ना त्यांच्याशी?"

बोलते की, मी सांगितलं. गोळी घ्या, कूस बदला, तोंड उघडा.

"आणि?"

मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "माझा मौनाचा एकही सोमवार चुकला नाही, माई."

"त्यांचा तरी कुठे चुकला, सिंधू..."

माई मेथी बाजूला सारून उठल्या, मला पाण्याच्या कडेला घेऊन गेल्या.

"त्यांना नावानं हाक मार. उखाणा नको."

तीस वर्षांत मी ते नाव तसं घेतलं नव्हतं. पुटपुटले. माईंनी मान हलवली. मग डोळे मिटून ओरडले, "दिगंबर..."

पाणी हललं नाही. रान हललं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. मी वळले.

माईंनी मनगट धरलं.

...

पलीकडच्या कातळातून नाव परत आलं. सावकाश, जड, पण पुरतं.

शंभरावर प्रदक्षिणा झाल्या होत्या माझ्या. हा कातळ बोलतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी दगडावर बसून राहिले. वर वनखात्याच्या फाटकाची शिट्टी वाजली, पाच वाजत आले होते.

"मग माझा नवस, माई?"

त्यांनी माझ्या पदराची माती झटकली.

"उद्या सोमवार. खिडकीशी जा, अशीच हाक मार... आणि लगेच वळू नकोस."