चेतूची झोप

पृथ्वीवर माणूस यायच्याही आधी, एका हरणीच्या आतड्यातल्या पेशीत चेतू आणि दिशा नावाची दोन इवलीशी प्रथिनं राहत होती. चेतूने "वाढ!" म्हटलं की पेशी वाढायची. मग तिथलंच आणखी एक प्रथिन, निवामावशी, त्याला थोपटून निजवायची. दिशा मात्र सदा जागी असायची. पेशीचं तोंड अन्नाकडे राहील, हे ती पाहायची.

"तिला कुणी निजवत नाही, मलाच का?" चेतू जळफळायचा.

"तू निजलास की मला पेशी नीट वळवता येते," दिशा म्हणाली.

"म्हणजे मी तुझी अडचण!"

त्या रागात त्याने अंग असं पिळून घेतलं, की मावशीचा हातच पोचेना. तो ओरडत राहिला. पेशी वाढली, दुभंगली, पुन्हा वाढली. पेशींवर पेशी चढल्या, आणि अन्न कुठे आहे तेच त्यांना कळेना. दिशाच्या हाका कुणी ऐकेना. चेतूला वाटलं, आपण जिंकलो.

हरणी चरत होती, तरी खंगत गेली. एके दिवशी ती कळपामागे राहिली आणि खाली बसली.

"आता तरी निजतोस का, बाळा?" मावशीने विचारलं.

चेतूला निजायचं होतं. पण पिळलेलं अंग काही केल्या सुटेना.