घोंगडी उतरवण्याआधीचे तीन प्रश्न

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका; माझ्या आजीलाही ती तिच्या आजीनंच सांगितली होती. गोष्ट मरणाची आहे, पण घाबरू नका लेकरांनो, तिच्यात मरणापेक्षा माया जास्त आहे. आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा सरकून बसा. तुमच्याच कामाची आहे.

एका डोंगराळ मुलखात एक राजा होता. तो पाळण्यात होता तेव्हाच त्याची आई गेली. वैद्यानं ‘आता पुरे’ म्हणून हात टेकले होते, हे त्याला मोठेपणी कुणीतरी सांगितलं. ते त्याच्या जिव्हारी लागलं. गादीवर बसला त्याच दिवशी त्यानं फर्मान काढलं, “माझ्या राज्यात कुठल्याही वैद्यानं ‘आता पुरे’ म्हणायचं नाही. श्वास आहे तोवर औषध चालू राहील. जो थांबवील तो खुनी.”

लोकांनी जयजयकार केला. कायदा चांगलाच वाटत होता. मी तिथं असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

राजाला वाढवलं ते त्याच्या दाईनं. ती घोंगड्या विणणाऱ्यांच्या गावची, आणि आई गेलेल्या लेकराला तिनं तिथंच नेलं. मागाशेजारी झोळी बांधून त्यात राजाला निजवायची आणि एका हातानं झोका देत विणायची.

त्या गावाची एक रीत होती. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की घोंगडी कापून मागावरून उतरवायची, पण विणणारीनं आपल्या मनानं कात्री लावायची नाही. शेजारणीनं येऊन तीन दिवस विचारायचं. पहिल्या दिवशी, “बाई, काही दुखतंखुपतंय म्हणून मागावरून उठतेस का?” दुसऱ्या दिवशी, “रागावून उठतेस का?” तिसऱ्या दिवशी, “कुणासाठी घाई करतेस का?” तिन्हींना ‘नाही’ आलं, तरच शेजारीण कात्री हातात द्यायची. कारण अर्ध्यात कापलेली घोंगडी पुन्हा जोडता येत नाही. थंडीत पाय उघडे पडले की पडले. आणि ताणा संपल्यावरही कुणी हट्टानं आडव्या धाग्याचा धोटा रेटत राहिलं, तर विणलेलंही तुटतं.

वर्षं गेली. दाई म्हातारी झाली आणि तिच्या हाडांत असं दुखणं शिरलं, की त्याला उतारच नव्हता. राजाचा वैद्य गावात येऊन राहिला. अंथरुणाशी दाईची सून, आणि प्रहराप्रहराला काढा. गिळवेना तेव्हा घशात नळी. कंबरेला तापल्या सळईचे डाग. राजा चांदीच्या वाट्यांतून औषधं पाठवायचा, पण स्वतः काही यायचा नाही.

एके दिवशी दाईनं निरोप धाडला, “राजाला म्हणावं, ज्या हातानं तुझा शेंबूड पुसला, त्या हातानं बोलावलंय.”

राजा धावत आला.

“लेका,” दाई म्हणाली, “मला डोंगरातली ती मुळी आणून दे. खाल्ली की माणूस परत उठत नाही, ती.”

“माय, असलं अभद्र बोलू नकोस! औषध चाललंय ना? बरी होशील.”

“बरी होशील, बरी होशील! वैद्य तेच, सून तेच, तूही तेच. मी काय कुक्कुलं बाळ आहे? तुझा कायदा फार मायेचा आहे रे. पण नळीतून उतरतो तो माझ्या घशात, तुझ्या नाही.”

राजा रागानं उठला. उंबऱ्यापर्यंत गेला, तोच मागून आवाज आला, “घोंगडीलासुद्धा तीनदा विचारतात. मी घोंगडीहूनही गेले का रे?”

राजा तिथंच थांबला. मग परत येऊन जमिनीवर बसला आणि लहानपणी ऐकलेला प्रश्न त्यानं विचारला, “माय, दुखतंखुपतंय म्हणून उठतेस का?”

“हो. हाडांत नुसता विस्तव भरलाय.”

राजा वैद्याकडे वळला. “दुखणं निववणारं औषध नाही तुमच्यापाशी?”

वैद्यानं मान खाली घातली. “आहे, महाराज. पण त्यानं गाढ झोप येते. झोपेतच त्या गेल्या तर खुनी मी ठरेन. फर्मान आपलंच आहे.”

राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “द्या,” तो म्हणाला. “जबाब मी देईन.”

त्या दुपारी कित्येक आठवड्यांनी दाई शांत झोपली. उठली तेव्हा म्हणाली, “भाकरीचा वास येतोय. कुणी मला देणार आहे का, की त्यालाही फर्मान लागतं?”

दुसऱ्या दिवशी राजानं विचारलं, “रागावून उठतेस का?”

“रागावलेय तर! वाट्या पाठवतोस. वाट्यांना काय तोंड असतं बोलायला?”

“मला तुला असं बघवत नव्हतं गं,” राजा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. दाईनं त्याला रडू दिलं. मग पदर पुढे केला. “पूस. सवय आहे माझ्या पदराला.”

तिसरा प्रश्न मात्र अवघड निघाला. “कुणासाठी घाई करतेस का?” यावर दाईनं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “सुनेचे हात बघितलेस? माझी अंथरुणं धुऊन धुऊन भेगा पडल्यात. ती बोलत नाही. पण मला दिसतं ना.”

सून दाराआडच होती. ती तरातरा आत आली. “आत्याबाई, हात माझे, भेगाही माझ्या. त्यांच्यापायी तुम्ही जायचं ठरवलंत, तर हे हात मी आयुष्यभर कुठं लपवू?”

दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. दुसऱ्या दिवसापासून धुण्याला राजवाड्यातल्या दोन बाया आल्या.

“मुळी राहू दे सध्या,” दाई म्हणाली. “मागावर माझी अर्धी घोंगडी आहे. मी सांगते, तू विण.”

मग काय! राजा रोज मागावर बसू लागला आणि दाई पडल्या पडल्या शिव्या घालू लागली. “अरे, सरळ! राज्य कसं चालवतोस देव जाणे!” घोंगडी वाकडीतिकडी झाली, पण घरात हसणं परत आलं. असे दोन महिने गेले. ते दोन महिने मुळीनं हिरावून नेले असते, हे विसरू नका.

पण औषधानं कळा निवल्या तरी आजार काही गेला नव्हता. ताणा संपता संपता दाईचा घास उतरेना. वैद्यानं पुन्हा नळी घातली. दाईनं खुणेनं ती काढायला लावली आणि राजाकडे पाहिलं. राजा समजला. त्यानं पुन्हा तीन दिवस तीन प्रश्न विचारले.

दुखतंय म्हणून? नाही. रागावून? नाही. कुणासाठी? नाही रे बाबा, नाही.

“मुळी नको,” दाई म्हणाली. “नळी नको, काढे नकोत. दुखण्याचं तेवढं औषध चालू ठेव. ताणा संपलाय लेका. आता रेटू नकोस.”

वैद्य अजून नळी धरूनच उभा होता; फर्मान बदललं नव्हतं. तेव्हा राजानं त्याच्या हातातली नळी घेतली, बाजूला ठेवली आणि जे शब्द उच्चारायला साऱ्या राज्याला बंदी होती, ते स्वतःच्या तोंडानं उच्चारले, “आता पुरे.”

सुनेनं दाईचे केस विंचरले. चार दिवसांनी भर दुपारी, राजाच्या मांडीवर डोकं ठेवून दाई गेली. अंगावर तीच वाकडी घोंगडी होती.

राजानं फर्मान बदललं. आधी दुखणं निववायचं, मग तीन दिवस तीन प्रश्न विचारायचे. आणि तिन्हींना ‘नाही’ आलं, तर ‘आता पुरे’ म्हणायचा हक्क ज्याचा जीव त्याचा. वैद्य खुनी नाही. प्रश्न विचारताना खाली ती वाकडी घोंगडी अंथरायची, असंही त्यात लिहिलं.

मुळीचं काय झालं म्हणता? तिच्यावरून दरबारात खूप भांडणं झाली. कुणी म्हणे द्यावी, कुणी म्हणे कधीच देऊ नये, आणि दोन्हीकडे शहाणी माणसं होती. राजा म्हणाला, “मला अजून कळलेलं नाही. पण न कळता, नुसत्या मायेपोटी फर्मान काढू नये, एवढं माझ्या मायनं मला शिकवलंय.” ते भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते मिटवायला मी काही राजाहून शहाणी नाही.

पण तुम्ही घरी जाताना एवढं पदरात बांधून न्या: मरण मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याआधी एकदा नीट ऐकावं, आणि ‘हो’ म्हणण्याआधी तीनदा विचारावं.