जपमाळेवर मोजलेली शाल

डोंगराच्या कुशीत एक थंडगार गाव होतं. गोष्ट इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. तिथली एक रीत मात्र लक्षात राहिली आहे. थंडी पडू लागली की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर नवी लोकरीची शाल घालायची. शाल गावातल्याच बाईनं विणायची, आणि जिची शाल पांघरली जाईल तिला वर्षभर गावच्या प्रत्येक पंगतीत पहिला पाट मिळायचा.

हा पहिला पाट सतरा वर्षं म्हाळसाकाकूंचा होता. काकू विणत ती शाल जाड, घट्ट आणि उबदार असे. बोलण्यातही त्या तशाच घट्ट होत्या, पण त्यांच्या हाताला नाव ठेवायची कुणाची हिंमत नव्हती.

मग शेजारच्या घरात सगुणा नावाची नवी सून आली. येताना तिनं माहेराहून दोन सुया आणि एक वेगळीच वीण आणली. ती जाळीचं विणायची. मधे मधे मुद्दाम भोकं ठेवायची आणि त्या भोकांतून फुलं-पानं उमटवायची. गावच्या बायका तिच्या ओट्यावर जमू लागल्या. ज्या बायका कालपर्यंत काकूंच्या ओट्यावर बसत होत्या, त्याच.

"भोकं ठेवायला कसली आलीय अक्कल?" काकू नाक मुरडून म्हणाल्या. "ती तर उंदीरपण ठेवतो!"

कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून काकूंच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्याच्या अर्कानंही थांबेना.

त्या वर्षी गावातले सगळ्यात म्हातारे म्हणजे वैद्यबाबा होते. त्यांची नजर गेलेली होती. पण सगळा जन्म झाडपाल्यात घालवल्यामुळे पान हातात घेतलं की ते झाडाचं नाव सांगत. बायकांनी ठरवलं, की यंदा काकूंनीही विणावी आणि सगुणानंही विणावी. वैद्यबाबांच्या बोटांना जी आवडेल ती शाल त्यांची.

हे ऐकून काकूंचा तिळपापड झाला. सतरा वर्षांनी आपली परीक्षा? आणि तीही कालच्या पोरीबरोबर?

काकूंच्या अंगणात एक झाड होतं. थंडीच्या तोंडावर त्याची पिकली पानं गळू लागली. एरवी काकू ती झाडून खड्ड्यात टाकत. यंदा त्यांनी रोज सकाळी सगळा केर कुंपणाखालून सगुणाच्या अंगणात लोटायला सुरुवात केली. "झाडत बस म्हणावं. कंबर मोडली की सुया आपोआप खाली पडतील."

सगुणाच्या सुया काही खाली पडल्या नाहीत. उलट तिची शाल भराभर वाढत होती. मग काकूंनी दुसरा उपाय काढला. जपमाळ घेऊन त्या रोज दुपारी सगुणाच्या ओट्यावर जाऊन बसू लागल्या.

"या काकू, बसा," सगुणा म्हणायची. "तुमचं नाम चालू द्या, माझं विणणं चालू दे."

काकूंच्या तोंडात देवाचं नाव नव्हतंच. सगुणा वाढलेलं विणकाम टोपलीत सोडत जाई आणि सुरुवातीचं टोक तेवढं टोपलीबाहेर लोंबत राही. काकूंची नजर त्या टोकावर असे. एक टाका, एक मणी. पुन्हा एक टाका, एक मणी. ओळ संपली की काकू घाईघाईनं घरी जात आणि दार लावून तेवढेच टाके आपल्या सुयांवर घालत. बायका आपसात म्हणत, "काकू अलीकडे फारच देवाला लागल्या हो!"

एका जागी मात्र काकूंचं गणित अडलं. जाळीच्या बाकी भोकांपेक्षा तिथे एक मोठं, वेडंवाकडं भोक होतं. काकूंनी तीन वेळा मणी ओढले तेव्हा कुठे हिशेब बसला. "हीच तिची खुबी!" त्या मनात म्हणाल्या. "सगळी जादू या भोकात आहे." आणि तेवढा एक नमुना हाती लागताच त्यांनी पुन्हा पुन्हा तोच विणून अख्खी शाल भरून काढली.

जाळीचं विणकाम सुईवर असताना चुरगळलेल्या फडक्यासारखंच दिसतं. ओलं करून, बाजेवर ताणून वाळवलं की मगच नक्षी उघडते. काकूंनी आपली शाल ताणली, तेव्हा तिच्यावर दोनशे पानं उमटली. काकूंनी टाके पुन्हा मोजले, एकही चुकला नव्हता. पान कसलं आहे हे बघायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त सगुणाचा पडलेला चेहरा होता.

ठरल्या दिवशी देवळाच्या पारावर गाव जमला. मानाप्रमाणे आधी काकूंची शाल वैद्यबाबांच्या हातात दिली.

"वा! वीण एकसारखी आहे," बाबा म्हणाले. "हात जुना आहे. म्हाळसे, तुझाच ना?" आणि त्यांची बोटं थांबली. "हे पान अळीनं खाल्लंय वाटतं."

लोक हसले. बाबा पुढच्या पानावर गेले. "हेही खाल्लंय. हेही. आणि हेही त्याच जागी! अगं, तुझी अळी मोठी शिस्तीची दिसते. सगळ्या पानांवर एकाच जागी बसून जेवली. कोणतं झाड बघून विणलंस?"

काकूंनी सगुणाच्या शालीकडे हजार वेळा पाहिलं होतं, पण झाड एकदाही पाहिलं नव्हतं.

"पि... पिंपळ," त्या म्हणाल्या.

"पिंपळाला लांब शेपटी असते. या पानाला टोकाशी खाच आहे, जणू दोन पाकळ्या जोडल्यात. हा आपटा आहे, म्हाळसे."

मग सगुणाची शाल त्यांच्या हातात आली. पहिल्याच पानावर बाबांचं बोट अडखळलं. "इथेही अळी!" काकूंच्या जिवात जीव आला. पण बाबांची बोटं पुढे सरकली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "हे पान धड आहे. हे कोवळं. हे कडेला दुमडलेलं. याची एक पाकळी लहान. पोरी, तू मला झाडाखालीच नेऊन बसवलंस की! कुठला हा आपटा?"

"काकूंच्या अंगणातला," सगुणा म्हणाली.

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या.

"मी नवी होते, इथली झाडं माझ्या ओळखीची नव्हती," सगुणा सांगू लागली. "पण काकू रोज सकाळी कुंपणाखालून पानं पाठवायच्या. मला वाटलं, नव्या सुनेला नमुना म्हणून देतात. पहिल्या दिवशी हातात आलेलं पहिलंच पान किडकं होतं. पण काकूंनी पाठवलेलं पान टाकायचं कसं? म्हणून तेच आधी विणलं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं काकूंना झालं. दसऱ्याला जे सोनं म्हणून सगळ्यांच्या हातात ठेवायचं, ते त्यांनी महिनाभर केर म्हणून लोटलं होतं. आणि उचललं होतं ते एकच किडकं पान.

वैद्यबाबांनी सगुणाची शाल पांघरली. काकूंची शाल त्यांनी घडी करून परत दिली. "लोकर चांगली आहे. फुकट घालवू नकोस," एवढंच ते म्हणाले.

काकू घरी आल्या, आपट्याखाली बसल्या आणि शाल उसवायला घेतली. विणकाम उसवताना शेवटून सुरुवातीकडे जावं लागतं. एकशे नव्व्याण्णव पानं उसवली. सगळ्यात आधी विणलेलं पान उरलं, तेव्हा त्यांचा हात थांबला. ते त्यांनी तसंच ठेवलं. मग मान वर करून, किती वर्षांनी कोण जाणे, त्यांनी आपल्याच झाडाकडे नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाखालून केर आला नाही. कुंपणावरून एक हात आला. त्या हातात एकच पिवळंधमक पान होतं.

"हे घे. हे किडकं नाही," काकू म्हणाल्या. पोटात अजून थोडं दुखत होतंच, पण त्यांनी शब्द गिळला नाही. "टाके मोजणं मला येतं गं. भोक कुठे ठेवायचं, तेवढं शिकव."

तात्पर्य एवढंच: शेजारणीच्या टोपलीवर नजर लावून बसणाऱ्याला तिथलं किडकं पान तेवढं मिळतं, आणि आपल्या अंगणातलं झाड दिसायचं राहून जातं.