बिनमुळांचे पळस

पूर्वी वेणुमती नगरीत धर्मकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य म्हणून जन्मले होते. नगरीलगतचा डोंगर लोकांनी तोडून तोडून बोडका केला होता. माती धुपली, एका पावसाळ्यात दरड कोसळली आणि पायथ्याचे गाव माळावर येऊन झोपड्यांत राहू लागले. डोंगरावर झाडे धरली की गावाने परतावे, असे राजाने ठरवले. बोधिसत्त्वांनी त्या कामाला राजमाळी वंजुलाची निवड केली.

वंजुल हुशार खरा, पण त्याचा तोरा हुशारीहून मोठा. ऐन, मोह, पळस ही त्या डोंगराचीच झाडे त्याला गावंढळ वाटत. त्याने उत्तरेकडून देवदाराची रोपे आणवली. ती उन्हाळ्यात करपून गेली. तेवढ्यात राजा पाहणीला येणार असे कळले. घळीत पळसाची थोडी झाडे उरली होती. त्यांच्या फांद्या तोडून त्याने उतारभर रांगेने खोवल्या. लांबून पाहावे तर डोंगर हिरवागार!

राजाच्या आधी बोधिसत्त्व वंजुलाला घेऊन डोंगर पाहायला आले. चढताना आधाराला त्यांनी एक रोप धरले, ते अलगद हातात आले. खाली मूळ नव्हते. त्यांनी ते पुन्हा मातीत टेकवले.

"वंजुला, माळावर जेवायचे बोलावणे आहे. तूही चल," एवढेच ते म्हणाले. वंजुलाचे कान तापले.

माळावर खेमा नावाच्या म्हातारीने दोघांपुढे पत्रावळी मांडल्या. स्वतः मात्र तिने भाकरी हातावरच घेतली.

"घळीतले पळस कुणा मेल्याने ओरबाडले, बाबा. पत्रावळीला पान उरले नाही. या दोन तेवढ्या पाहुण्यांसाठी राखल्या होत्या," ती म्हणाली. "पण जाऊ दे. डोंगर हिरवा झाला म्हणतात. राजाने हो म्हटले की पावसाआधी आम्ही आपल्या घरी जाऊ. तुमचे उपकार कसे फेडू?"

आणि तिने वाकून वंजुलाच्या पायांना हात लावला.

वंजुलाने हातातला घास पत्रावळीवर ठेवला. धरणीने पोटात घ्यावे असे त्याला झाले. गाव खाली गेले तर दरडीखाली गाडले जाणार. खरे बोलावे तर राजाला फसवणाऱ्याचे हात तोडत. त्याने बोधिसत्त्वांकडे पाहिले. ते खाली मान घालून जेवत होते.

"आजी, तो मेला मीच," वंजुल म्हणाला. "खाली जाऊ नका."

हेच त्याने राजासमोर जाऊन सांगितले.

"महाराज, माणूस मी निवडला होता. तोडायचे तर माझे हात तोडा," बोधिसत्त्व म्हणाले. "त्याचे डोंगराला हवे आहेत."

राजाने दोघांनाही क्षमा केली. वंजुल माळावरच राहिला. गावकऱ्यांबरोबर त्याने रानोमाळ बी वेचले, ऐन लावले, मोह लावले, जगवले. डोंगर सावरला, गाव परतले. पण तोवर खेमा माळावरच वारली होती. तिने त्याला कधी एका शब्दाने टोचले नाही, आणि तेच त्याला जन्मभर सलत राहिले.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आपल्यातले वृद्ध स्थविर. खेमा म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका. न केलेल्या तपाची बढाई मारून आज ती कबूल करणारा हा भिक्षू म्हणजे वंजुल, आणि अमात्य मीच होतो. याला हसू नका. त्या जन्मी गाव वाचले ते याच्या लज्जेमुळे."